न सोडलेले रुमाल

"नावं तुमी बदलली, धर्म तुमी बदलला, आन् आता कागद आमाला मागता व्हय?"

सरकारी कचेरीत, रेकॉर्डच्या टेबलामागचा माणूस माझ्या वडिलांना हे म्हणाला. आबांच्या निम्म्या वयाचा. खुर्चीतून उठलासुद्धा नाही. शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. आबाही हसले. आबांचं हसणं मला जास्त लागलं.

बारामतीला मला नर्सिंगची जागा मिळाली होती. जात पडताळणीला पन्नास सालाच्या आधीचा पुरावा हवा. आमच्याकडं आज्याच्या जन्माची नोंद तेवढी निघण्यासारखी होती. गावची जुनी जन्म-मृत्यूची बुकं या कचेरीत लाल फडक्यात बांधून ठेवलेली. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात.

त्यानं कॉम्प्युटरवर आज्याचं नाव आणि आमचं आडनाव टाकलं.

"न्हाय सापडत. तसं लिहून देतो, न्या."

सापडेल कसं? आडनाव आम्ही धर्मांतरानंतर लावलं. त्याआधी आम्हाला आडनावानं विचारत होतं कोण? जुन्या बुकात बापाचं नाव, पुढं जात, पुढं नुसतं 'मुलगा'. आमच्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी त्याला पंजोबाचं नाव सांगितलं, त्या नावानं बघा म्हटलं.

"तुमच्या एकट्यासाठी सगळं रुमाल सोडत बसू का?"

आबांनी हात जोडले. "बरं साहेब. द्या तसं लिवून."

माझं टाळकं सणकलं. पंजोबा महारकीत होता. आमच्या लासुर्ण्याहून गावाचं दप्तर डोक्यावर घेऊन तालुक्याला चालत यायचा. कागद वाहायला आमची डोकी चालली, आणि ते शोधायला यांना खुर्ची सोडवेना. मी आबांचे हात धरून खाली घेतले.

"कुठले रुमाल सोडून बघितले, ते त्यात लिहा. मगच घेते."

"असं लिवायचा रिवाज न्हाय."

"मग ठेवा तुमच्याकडंच."

रुमाल सोडून नोंद शोधा, असा तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला, पोच घेतली. एसटीत आबा म्हणाले, "साहेबाला दुखवलंस, बाय." मी पोच घडी करून पिशवीत ठेवली.

नोंद अजून मिळालेली नाही. यंदाची जागा गेली. खूप रडले, खोटं कशाला सांगू. पण ती चिठ्ठी घेतली असती, तर माझा आजा जन्मलाच नाही असं सरकारी शिक्क्यानिशी घरात आलं असतं. नसेल नोंद तर नाही म्हणा, ऐकून घेईन. पण रुमाल सोडा, पानं उलटा, मग म्हणा. तोवर मी येत राहणार.

सोमवारी परत जाणार आहे. आबा येतो म्हणालेत. मी सांगितलंय, हात जोडणार नसाल तरच चला.