खळबाईची धाकटी

आमच्या कारखान्यात तिला सगळे खळबाई म्हणत. काम तसंच होतं तिचं. माशांच्या कातड्यांचे खवले काढायचे, ती धुऊन, बारीक चिरून सौम्य आम्लात भिजवायची. गार खोलीत ती हळूहळू विरघळली की भांड्यात कपड्यांच्या खळीसारखं दाट, दुधी काहीतरी उरतं. तेच कोलॅजन. आपली कातडी, हाडं, स्नायू धरून ठेवणारा धागा. ही खळ ताटांत ओतून, गोठवून वाळवली की पांढरा, हलका पापुद्रा निघतो. भाजलेल्या जखमेवर तो अंथरला, की मांडवावर वेल चढावा तशी माणसाची स्वतःची कातडी त्याच्या आधाराने वाढते आणि पापुद्रा अंगातच जिरून जातो.

ओतण्याचं काम खळबाईचं. हात असा संथ, की ताटात बुडबुडा धरायचा नाही. बुडबुडा राहिला तर पापुद्र्याला भोक पडतं.

घरी ती आणि तिची धाकटी बहीण, दोघीच. आईवडील लवकर गेले. थोरलीनेच धाकटीला वाढवलं, शिकवलं. स्वतःचं लग्न 'बघू पुढे' म्हणत ढकललं, ते पुढेच राहिलं. धाकटी जिभेची तिखट. थोरली दारात दिसली की नाक धरायची. "ताई, आधी अंघोळ! गल्लीतली सगळी मांजरं तुझ्या मागे आलीत." हे आम्हाला खळबाईच सांगायची, आणि सांगताना चेहरा फुलायचा तिचा.

धाकटी एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या खात्यात होती. एका सकाळी तिथला वाफेचा पाइप सांध्यात फुटला. ती समोरच उभी होती. मान, छाती, दोन्ही हात भाजले.

निरोप आला तेव्हा खळबाई ओतत होती. तिने ते ताट पूर्ण ओतलं, भांडं खाली ठेवलं, आणि ओल्या हातांनीच दाराकडे धावली. मी तिच्यामागे गेले.

इस्पितळातल्या भाजलेल्यांच्या वॉर्डात आमचेच पापुद्रे वापरत. डॉक्टरीणबाईंनी पाकीट फोडलं तेव्हा खळबाई काचेपलीकडून बघत होती. इतकी वर्षं ओतत आली, पण ते माणसाच्या अंगावर पडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. पापुद्रा ओला झाला, दिसेनासा झाला आणि जखमेला बिलगला.

चार शब्द बोलण्याइतकी ताकद आली तशी धाकटी म्हणाली, "ताई, हे तुझंच ना?"

"हो गं."

"जन्मभर तुझ्या वासाला नावं ठेवली. आता तेच पांघरून झोपलेय."

"याला वास नसतो, वेडे. सगळा धुऊन काढतो आम्ही."

"मग तुलाच का येतो?"

दोघी हसल्या. धाकटीला हसताना दुखलं, तरी हसली.

हात भरत आले. "बघा, कडेकडेने नवी कातडी धरतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते खळबाईने कामावर येऊन प्रत्येकीला सांगितलं. आमच्याही जिवात जीव आला. छातीची जखम मात्र फार खोल होती. तिथे जंतू शिरले, रक्तात उतरले, औषधांना दाद देईनात. चढलेला ताप उतरलाच नाही. शेवटच्या दुपारी तापाच्या भरात धाकटीने थोरलीला 'आई' अशी हाक मारली. खळबाईने 'ओ' दिली. संध्याकाळी धाकटी गेली.

खळबाईने डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, "माझं काही कमी पडलं का? खरं सांगा."

त्यांचेही डोळे भरले होते. "नाही हो. हात तर बरे झाले होते."

अंग पुसायला मी तिच्यासोबत होते. पट्ट्या सोडल्या. धाकटीच्या मनगटापासून कोपरापर्यंत नवी कातडी आली होती. गुलाबी, पातळ, तान्ह्या बाळाच्या टाचेसारखी. खळबाईने तिच्यावर बोट टेकवलं, ते उचललंच नाही.

"आत्ता कुठे आली होती गं," एवढंच म्हणाली.

रजा संपल्यावर ती कामावर आली. मुकादम म्हणाले, थोडे दिवस पॅकिंगला बस. ती नको म्हणाली. पूर्वीसारखीच ओतू लागली, पण बोलणं आटलं. येईल तो समजूत घालायचा, 'तुझ्या हातून किती जण बरे होतात, त्यात समाधान मान.' एकदा माझ्याही तोंडून तेच गेलं.

तिने ओतणं थांबवलं. "त्या किती जणांना मी ओळखत नाही," ती म्हणाली. "ओळखीची एकच होती."

 मी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं. ती तिथेच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली, धाकटी गेल्यापासून पहिल्यांदा. मी शेजारी बसले. तिला गप्प कर असं कुणी म्हणालं नाही, आणि मीही केलं नाही.