शून्य नंबरचा पडदा

“शेवटचे सहा महिने शून्यभाऊ अंथरुणावरच होते, वाचनालयाचा पडदा संगणक आपोआप चालवीत होता.” हे वाक्य आमच्या चिटणीसांनी शोकसभेत उच्चारले आणि आता ते वार्षिक अहवालात छापले जाणार आहे. ते असत्य आहे. ते खोडून काढण्यासाठी मी, गावचा जुना मास्तर, अद्याप हयात आहे.

पिंपळगाव राजाच्या आमच्या वाचनालयात भिंतीवर एक मोठा पडदा आहे आणि त्याखाली लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक. कीबोर्डवर दोनदा चहा सांडल्यावर समितीने कीबोर्डच कपाटात बंद केला. तेव्हापासून टेलिफोन केंद्रातून निवृत्त झालेले शून्यभाऊ घरी बसून इंटरनेटवरून त्या संगणकात शिरत आणि बाजारभाव, हवामानाचा नकाशा आमच्या भिंतीवर उघडत. दुरून नुसता प्रोग्राम सुरू करून भागत नाही. तो कोणत्या पडद्यावर उघडायचा, हे आधी सांगावे लागते. आमचा पडदा म्हणजे नंबर शून्य. तो आकडा ते टाइप करताना मोठ्याने म्हणत. गावाने त्यावरूनच त्यांचे नाव पाडले.

सुरुवातीला ते कोणाला विचारत नसत. एकदा वाचनालयाच्या सभागृहात श्रद्धांजलीची सभा भरली होती आणि पडद्यावर दिवंगत सरपंचांचा फोटो होता. भाषण रंगात असताना त्या फोटोवर वांगी आणि टमाट्यांचे भाव उघडले. मी फोन करून म्हणालो, “शून्यभाऊ, मेलेल्या माणसाच्या तोंडावर वांगे काऊन ठेवले?”

ते म्हणाले, “मले इथून दिसत नाही ना, सर. मी फक्त हुकूम देतो. पाहणारा तिथं असते.”

त्यानंतर त्यांनी फोन केल्याविना पडद्यावर एकही खिडकी उघडली नाही. “सर, समोर कोण बसलं हाये?” हा त्यांचा पहिला प्रश्न असे. मी एकदा कंटाळून म्हणालो की, रोज काय विचारता. त्यावर ते म्हणाले, “दुसऱ्याच्या घरातली खिडकी उघडून राह्यलो आपण. अंदर कोण हाये, हे पुसाले नको काय?”

कंबर मोडल्यावर ते शेगावला लेकीकडे राहिले. तिथूनही सकाळी आठला, मी वाचनालयात पोचलो की, फोन येई. आवाज बारीक होत गेला. कधी आज्ञा चुके, कधी अर्धीच जाई. “आज बोटं ऐकून नाही राह्यले, सर. थांबा जरा.” मी थांबत असे. तिसऱ्या प्रयत्नाला नकाशा उघडे आणि ते विचारत, “उघडलं काय?” मी “हाव” म्हटल्यावरच फोन ठेवत.

हे मी चिटणीसांना सांगितले. ते म्हणाले, “सर, ते तुमच्यासंग गप्पा माराले फोन करत. पडदा त टायमरवर होता. वय झालं तुमचं.”

“टायमरची बोटं थरथरतात काय, भाऊ?” मी विचारले. ते हसले आणि अहवालाचे कागद पुढे सरकवू लागले.

एका मंगळवारी फोन आला नाही. दुपारी लेकीचा आला. मला तेव्हा रडू आले नाही, अजूनही आलेले नाही. सकाळी आठला मी वाचनालयात जाऊन बसतो, इतकेच. पडदा बिघडला असे समजून समितीने खामगावहून दुरुस्तीवाला बोलावला. त्याने सगळे तपासले. संगणक सुरू आहे, नेट सुरू आहे, बिघाड कुठेही नाही. आणि त्या मंगळवारपासून त्या पडद्यावर एकही खिडकी उघडलेली नाही.