एक टक्का

आमच्या घरात एकही वस्तू जागेवर बसत नाही. चपलांचं कपाट उंबऱ्यावर चढून बसलंय, कपड्यांचं कपाट दाराला घासतं, आणि खिडकीखालचं बाकडं आत जाईना म्हणून शेवटी भिंतच खरवडावी लागली. आणि हे सगळं करणारा माणूस कोण, तर ज्याच्या मापावर अख्खा ओतकामाचा कारखाना डोळे मिटून विश्वास ठेवतो, तो माझा नवरा.

हे साचे करतात, लाकडाचे. यंत्राचा जो भाग ओतायचा तो आधी हे लाकडात घडवतात, त्याचा ठसा वाळूत घेतात आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. आता बीड निवताना आकसतं, शंभराला एक. म्हणून यांची पोलादी पट्टी मुळातच शंभराला एक लांब. तिच्यावरचा मीटर म्हणजे आपला मीटर आणि वर एक सेंटीमीटर. कारखान्यात यांना सगळे ‘एक टक्का’च म्हणतात.

घरी माप मी घ्यायचं, साध्या टेपनं, आणि कागदावर लिहून द्यायचं. हे मात्र लाकूड कापणार त्याच लांबुळक्या पट्टीनं. किती वेळा म्हटलं, अहो, घरच्या कामाला साधी पट्टी घ्या की. तर म्हणे, ज्याच्या खिशात दोन पट्ट्या, त्याचा एकही साचा धड नाही. आणि वर हेही, की लाकूड आकसत नाही ही लाकडाची खोड आहे, त्याला आम्ही काय करणार.

बरं, भांडायचीही सोय नाही. हे राखाडी बीड मोडलं तर आत पेन्सिलीच्या शिशासारखं दिसतं. तसलेच बारीक पापुद्रे असतात म्हणे त्यात, आणि सगळे हादरे तिथेच जिरतात. म्हणून तर लेथचं बूड, इंजिनाचं अंग, पंपाचं कवच त्याचंच करतात. पोलादावर हातोडी मारली तर खणखणतं, बिडावर मारली तर नुसतं ठक्. एकतीस वर्षं त्या बिडात काढून हेही तसेच झालेत. मी तासभर तोंडाचा पट्टा सोडला तरी यांचं आपलं शेवटी एकच, “बरं.”

मग मुलीनं नवीन घर घेतलं आणि बाबांनाच कपाट करायला सांगितलं. कोनाडा बरोबर एकशेवीस सेंटीमीटर. यांच्या पट्टीनं कपाट सेंटीमीटरभर मोठं होणार, हे ठरलेलंच. हार्डवेअरच्या दुकानातून यांच्यासारखीच दिसणारी साधी पट्टी आणली, पॉलिशपेपर घासून आणि तेल चोळून जुनाट केली, गुपचूप यांच्या पिशवीत सारली आणि यांची तांदळाच्या डब्यात लपवली. कपाट कोनाड्यात असं अलगद सरकलं की लेक टाळ्याच पिटायला लागली. यांनी फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, लाकूड सुधारलं.

त्या आनंदात मी घर लावायला म्हणून मुलीकडे राहिले. चार दिवस म्हणता म्हणता पंधरा झाले. घरी परत आले, भातासाठी डब्यात हात घातला, आणि बोटांना पट्टी लागली.

परत बदलून ठेवायची राहूनच गेली होती. यांच्या हातात तेव्हा लेथच्या बुडाचा साचा होता, सव्वादोन मीटर लांब. निवृत्तीआधीचं शेवटचं मोठं काम. एकतीस वर्षांत यांच्या साच्यातला एकही नग परत आला नव्हता. आणि आज ते बूड ओतणार होते. दोन सेंटीमीटर तोकडं निघालं असतं तर सगळं भंगारात, आणि यांची अब्रूही त्याच्याबरोबर.

पट्टी टॉवेलात गुंडाळली आणि सुटले. फाटकावरच्या रखवालदारानं अडवलं, त्याला बाजूला सारून आत शिरले. लाल लोखंडाची बादली क्रेनला लटकून साच्याकडे निघालीच होती. मी जीव खाऊन ओरडले, ओतू नका म्हणून. सगळं थांबलं. फोरमन धावत आला. मागून हे आले, घामानं आणि काजळीनं माखलेले.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, “पट्टी मी बदलली. यांची काही चूक नाही.”

यांनी दोन्ही पट्ट्या एकमेकींना लावल्या. टोकं जुळेनात. मग फोरमनला म्हणाले, “पंधरा दिवस हातातली पट्टी आपली नाही हे कळलं नाही. चूक माझीच.” आणि फावडं घेऊन वाळूचा साचा स्वतःच्या हातानं मोडला. लोखंड वाया गेलं नाही, गटाराच्या झाकणांचे साचे तयार होते, त्यांत ओतलं. लाकडी साचा यांनी नव्यानं केला, पुढच्या महिन्यात बूड ओतलं आणि ते काही परत आलं नाही.

पण त्या दिवशी घरी येताना वाटभर हे आपली पट्टी त्या टॉवेलानं पुसत राहिले. चार शिव्या घातल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं. दाराशी आल्यावर त्या उंबऱ्यावरच्या कपाटाकडे बघत विचारलं, “तुला इतकी वर्षं खरंच त्रास होत होता?”

मी म्हटलं, “रोज सांगत होते की.”

“मला वाटायचं, गरम आहेस, निवशील.”

यावर हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

निवृत्तीनंतर यांनी पहिलं काम काढलं ते माझ्यासाठी, ओट्याशेजारच्या मांडणीचं. जागा बरोबर शंभर सेंटीमीटर. पट्टीला हात लावायचा नाही अशी मी शपथच घेतली होती, म्हणून कागदावर गुपचूप नव्व्याण्णव लिहिलं. मांडणी झाली, आत सरकली, आणि एका बाजूला बोटभर फट राहिली.

मी यांच्याकडे बघितलं. हे कागदाकडे बघत होते.

“म्हटलं या वेळी तरी तुझं नीट बसू दे,” हे म्हणाले. “एक सेंटीमीटर कमी धरलं.”

“मीपण,” मी म्हटलं.

हे दुसरी करून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. त्या फटीत आता ती साधी पट्टी ठेवली आहे.