एकोणीस तुकडे

मालेगावच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची, म्हणजे रविवारच्या उपासनेत सगळ्यांनी वाटून खायची, भाकर माझी माय करायची. गव्हाची, बिनमिठाची. द्राक्षरसाच्या जागी भिजवलेल्या मनुकांचं पाणी असे. बाप्तिस्मा झालेली माणसं एकोणीस, म्हणून ती एकेकाचं नाव घेत एकोणीसच तुकडे मोडायची. मनात पाप असेल त्यानं ताट पुढं जाऊ द्यायचं, अशी रीत. तुकडा उरला की सगळ्यांना कळायचं.

त्या रविवारी माझा तुकडा उरणार होता. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. कॉलेजच्या वसतिगृहाचा अर्ज भरताना कारकून म्हणाला होता, "ख्रिस्ती लिहिलंस तर राखीव जागा मिळणार नाही. जुनी जात लिही, धर्म हिंदू लिही. देव काय अर्ज वाचायला बसलाय?" मी तसं लिहिलं आणि घरी गप्प राहिलो.

ताट बाबा फिरवायचे. भाजीच्या वाफ्यांत राबून भेगाळलेली त्यांची बोटं माझ्यासमोर थांबली. मी मान खाली घातली.

"घे."

"नाही घेत."

"काहून?"

"अर्जात मी धर्म हिंदू लिवला, बाबा. जागेसाठी."

पलीकडे, बायकांमध्ये, मायच्या बांगड्या वाजल्या. मागून कोणी तरी पुटपुटलं, "मॅट्रिक झाला, अन् देवालेच इसरला!"

ख्रिस्ती झाले म्हणून बाबांचे सख्खे भाऊ अजून त्यांच्याशी बोलत नव्हते, आणि तेच नाव मी एका खोलीसाठी टाकून दिलं होतं. मला वाटलं, आता ताट पुढं जाणार.

बाबा सतरंजीवर माझ्यापुढं गुडघे टेकून बसले. "तू काय लिवलं, ते देवाले तवाच ठाऊक होतं. तरी आज बलावलं का नाही?"

"मी लायक नाही, बाबा."

"मंग मी हाय का? लायकी पाहून वाढलं असतं, तर तुह्या मायनं एकबी तुकडा मोडला नसता. तो माया करून राह्यला. आता येनं का न येनं, तुह्या हातात हाय."

मी तुकडा उचलला. तोंडात घातला.

सोमवारी सकाळच्या गाडीनं बाबा माझ्यासोबत कॉलेजात आले. मी कारकुनाकडून अर्ज मागून घेतला, 'हिंदू' खोडून 'ख्रिस्ती' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"कोनता शब्द तो?" बाबांनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी दाखवला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"जागा गेली समजा," कारकून म्हणाला.

ती गेलीच, आणि भाड्यानं राहून कॉलेज करणं परवडणारं नव्हतं. पुढं गावात मास्तरकी करत, बाहेरून परीक्षा देत मी बी.ए. झालो. वर्षं जास्त लागली. त्या सगळ्या वर्षांत मायनं माझ्या नावाचा तुकडा मोडला, आणि मी तो घेतला.