पेंडीची दोन पोती

माझ्या आईनं एकदा प्रवाशांच्या गाडीतून दोन पोती शेणखत घरी आणलं आणि ती पेंड आहे असं मी कंडक्टरला सांगितलं. मी तेव्हा शाळामास्तर होतो. खोटं बोलू नये, हे पोरांना रोज शिकवत होतो.

साल बहात्तरच्या दुष्काळाचं. रानात काही पिकलं नव्हतं, गोठ्यात वैरण नव्हती. म्हणून आमचे दोन बैल पाथर्डीकडच्या चारा-छावणीत होते आणि बैलांबरोबर आई. पुढं पाऊस झाला, छावणी मोडली. वडील बैल घेऊन पायी निघाले. आईला आणायला मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो (ही पहिली चूक).

आई दोन पोती घेऊन बसली होती.

"आई, शेण कशाला न्यायचं?"

"बैल आपले, शेन बी आपलं. घरचा उकिरडा औंदा मोकळा हाय. रानाला काय घालू, तुझी इस्त्री?"

पोत्यांची तोंडं मीच बांधली (ही दुसरी).

घाटातल्या वळणावर एक पोतं आडवं झालं, माझी गाठ सुटली आणि पेंड गाडीभर पसरली. लोकांनी पाय वर घेतले. पुढच्या बाकावरून एक गृहस्थ वळून बघत होते. ते आमचे हेडमास्तर निघाले.

"मास्तर, ही कंची पेंड?" कंडक्टरनं विचारलं.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. आई उठली.

"पेंड न्हाई दादा, शेन हाय. ल्योक लाजला. जोंधळा मातीतलं सत्त्व खाऊन वाढतो, कडबा बैल खातो. बैलाचं शेन मातीत गेलं तर सत्त्व माघारी जातं, न्हाईतर माती उपाशी. आमचं रान वर्सभर उपाशी हाय. ह्ये हितं टाकलं तर पुढल्या साली खायाचं काय?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "माझ्या चार जनावरांचं मी छावणीतच सोडून आलो की." तो खाली बसला आणि ओंजळीनं शेण गोळा करू लागला. बघता बघता अर्धी गाडी खाली वाकली. कंडक्टरनं पोतं धरलं. गाठही त्यानंच मारली. मला हात लावू दिला नाही. गाडी थेट आमच्या बांधाशी थांबली, चौघांनी पोती उतरवली आणि आई वरातीच्या पुढं चालावं तशी रानात शिरली.

त्या साली ते खत पडलेल्या तुकड्यातला जोंधळा माझ्या डोक्याच्या वर गेला. हेडमास्तरांनी आईला शास्त्राच्या तासाला बोलावून खताचा धडा शिकवायला लावला. मी मागच्या बाकावर बसलो. परीक्षेत त्या धड्यावरचा प्रश्न सगळ्या पोरांनी बरोबर सोडवला.

बाकीचे धडे मी शिकवले होते.