सासूबाईंसाठी ट्राउट

सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे कॅनडात, बर्नाबीला आल्या, त्या उन्हाळ्यात मी मासेमारी सुरू केली होती. म्हणजे सामान आणलं होतं. ऑफिसातले सहकारी दर सोमवारी डोंगरातल्या तळ्यांचे आणि हातातल्या ट्राउट माशांचे फोटो दाखवायचे. आपणही काही कमी नाही म्हणून मी रॉड, रीळ, भरपूर खिशांचं जाकीट आणि लायसन्स असं सगळं घेऊन टाकलं. मासा तेवढा राहिला होता.

मी नागपूरचा. आमच्याकडे मटण व्हायचं. मासे मी काचेच्या टाकीतच जास्त पाहिलेले. बायको मात्र वेंगुर्ल्याची. तिथल्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या सासूबाई आमच्या ग्रोसरीतलं फ्रोझन पापलेट निमूटपणे खायच्या. नावं ठेवायच्या नाहीत, पण दुसऱ्यांदा मागायच्याही नाहीत. ते मला फार लागायचं. एकदा जेवताना मी बोलून गेलो, "आई, या शनिवारी तुम्हाला ताजा मासा खायला घालतो. मी स्वतः पकडलेला."

बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं."

शनिवारी आम्ही तिघं निघालो. गाडी पायथ्याशी लावून वर तळ्यापर्यंत चालत जायचं होतं. वाट दाखवायला मी पुढे झालो. पहिल्याच चढावर बायको माझ्या पुढे गेली आणि पाठोपाठ सासूबाई, पंजाबी ड्रेस आणि मुलीचे बूट घालून. मी दर वळणावर फोटो काढायला थांबत होतो. कॅमेरा गाडीतच राहिलाय, हे बायकोला माहीत होतं. शेवटी सासूबाईच एका ओंडक्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "बसू या का जरा? मला दम लागलाय." त्यांचा श्वास अगदी संथ चालला होता. मी लगेच बसलो.

तळं सुंदर होतं. पलीकडच्या उतारावर अजून बर्फाचे पट्टे होते आणि पाण्यावर जागोजागी मासे उसळून वर्तुळं उमटत होती. मी रॉड मागे नेऊन झोकात फिरवला. गळ पाण्यात गेलाच नाही. तो माझ्याच पाठीत, जाकिटात रुतला. बायकोने जाकीट कात्रीने कापून तो काढला. पुढच्या खेपेला तो मागच्या झाडात अडकला. मग बराच वेळ तो नीट पाण्यात पडत राहिला, पण मासे त्याच्या आजूबाजूला उसळत होते, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

"इथले मासे हुशार असतात," मी म्हणालो.

"असतील," सासूबाई म्हणाल्या. "जेवून घ्या आधी."

मी गळ पाण्यातच ठेवून रॉड दगडाला टेकवला आणि पोळीभाजीची गुंडाळी हातात घेतली. पहिला घास तोंडात असतानाच रॉड सरकला, आडवा पडला आणि पाण्याकडे निघाला. मी गुंडाळी टाकून त्याच्यामागे धावलो. रॉड हाताला लागला, पण पाय शेवाळावरून घसरला आणि मी कंबरभर पाण्यात उभा राहिलो. ते पाणी म्हणजे वितळलेला बर्फच. माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी काढला यावर माझाच विश्वास बसेना.

दोरीला मात्र काहीतरी ओढत होतं. रीळ उलटं फिरवायचं की सुलटं हे आठवेना, म्हणून मी रॉड खांद्यावर टाकून सरळ काठाकडे चालत सुटलो. मागून ट्राउट फरफटत आला. काठावर येताच तो गळातून सुटला आणि दगडांवर उड्या मारत परत पाण्याकडे निघाला. दुसरं काही न सुचून मी त्याच्यावर पालथा पडलो.

बराच वेळ मी हललो नाही. मासा खाली आहे की गेला, हे बघायची हिंमत होत नव्हती.

"उठा आता," सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या पोटाखालीच आहे तो."

उठलो. त्यांनी त्याला शेपटीकडून उचललं, दगडावर एकदाच डोकं आपटलं आणि पिशवीत घातलं. मग त्या खाली बसल्या आणि पदर नसल्यामुळे ओढणी तोंडावर धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बायकोही हसत होती. मी कुडकुडत दोघींकडे बघत होतो. थोड्या वेळाने मलाही हसू आवरेना.

संध्याकाळी घरी सासूबाईंनीच मासा साफ केला आणि हळद, तिखट, मीठ लावून तळला. तिघांच्या वाट्याला जेमतेम दोन-दोन घास आले. "कसा झालाय?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "ताजा आहे," त्या म्हणाल्या. चवीबद्दल बोलल्या नाहीत.

जेवणानंतर त्यांनी वेंगुर्ल्याला बहिणीला फोन लावला. मी शेजारच्या खोलीत कोरडे मोजे शोधत होतो. "अगो, जावयान पाण्यात उडी मारून हातान मासो धरल्यान," त्या सांगत होत्या. "केवढो होतो म्हणान सांगू! चांगलो हातभर!"

मी दार हळूच लोटून घेतलं. गणिताच्या बाईंचं माप चुकलंय, असं आपण कशाला सांगायचं?