तिकिटाच्या खिडकीवरचा डाग

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढे मी दुसऱ्यांना मूर्ख म्हणाले तर कुणी नाक मुरडायला नको. कॅनडात येऊन मला जेमतेम महिना झाला होता. वॉटर्लूच्या पलीकडच्या एका लहान गावात ह्यांना रबराच्या कारखान्यात नोकरी लागली होती. एका रविवारी हे मला एका भव्य इमारतीपाशी घेऊन गेले. जाडजूड खांब, सोनेरी नक्षी, दारावर प्लॅस्टरची एक बाई हातात वाद्य घेऊन उभी, आणि चांगले कोट घातलेली माणसं मुकाट रांगेत. मी ठरवलं, हे चर्च. दाराशी बूट काढले, भिंतीला जोडीने लावले, त्या प्लॅस्टरच्या बाईला नमस्कार केला आणि नुसत्या मोज्यांनी बर्फाचं पाणी तुडवत आत शिरले. आत लोण्याचा खमंग वास आला, तरी पुण्याहून एम.ए. होऊन आलेल्या त्या शहाणीला शंका आली नाही. तिला वाटलं, प्रसाद. हे चार माणसं सोडून मागे उभे होते, आपण हिला ओळखतच नाही असा चेहरा करून.

ते सिनेमाचं थिएटर होतं.

आता ते पाडणार आहेत आणि तिथे कॉन्डो (मालकीच्या फ्लॅटांचा मनोरा) उभा राहणार आहे. पाडण्यापूर्वी गावातल्या हौशी इतिहास मंडळाने त्याच्याच लॉबीत जुन्या थिएटरांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. त्यातला एक फोटो पेपरात आला, टपाल तिकिटापेक्षा थोडा मोठा. तिकिटाच्या खिडकीत बसलेला एक माणूस. खाली छापलं होतं, 'नाव अज्ञात'.

तो माणूस म्हणजे सिंधूचा नवरा, वसंतराव.

सिंधू माझी त्या गावातली मैत्रीण. नागपूरची, डॉक्टर, आता निवृत्त. आमची तिथली घरं सुटून आम्ही दोघी टोरोंटोतल्या नॉर्थ यॉर्कच्या एकाच बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्यालाही बरीच वर्षं झाली. टीव्हीमुळे थिएटर ओस पडायला लागलं, तेव्हा वसंतरावांनी ते रविवार सकाळपुरतं भाड्याने घेतलं आणि हिंदी सिनेमे लावायला सुरुवात केली. रिळांचे डबे टोरोंटोच्या विमानतळावरून स्वतः आणायचे, तिकिटं स्वतः द्यायचे. मध्यंतरात सिंधूचे वडे. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा फोटोही तेच काढायचे. कॅमेरा कायम त्यांच्या हातात, त्यामुळे ते गेल्यावर घरात शोधाशोध केली तर पासपोर्टच्या फोटोशिवाय काही सापडेना.

"येतेस का?" सिंधूने फोनवर विचारलं. "पाह्यचं आहे एकदा. अन् नाव लिहवून यायचं आहे."

२०१० चा ऑक्टोबर होता तो. गाडी सिंधूनेच चालवली. माझ्या मुलाने तिच्या गाडीत वाट सांगणारं यंत्र बसवून दिलं होतं आणि त्यातली बाई दर दोन मिनिटांनी आम्हाला मागे वळा म्हणत होती. चौथ्या वेळेला मी तिचा आवाज बंद केला. ज्या रस्त्याने मी दोन पोरं मागच्या सीटवर घालून शंभरदा गेले, तो मला ही शिकवणार?

"तू आतापासूनच तापून राहिली," सिंधू म्हणाली. "तिथं भांडण नको करू बाई."

"मी कधी भांडते?"

हायवेवर दोन्ही बाजूंना मेपलची झाडं लालभडक झाली होती. नव्याने येणारे त्यांचे फोटो काढत सुटतात, मीही एकेकाळी एक पान वहीत घालून सासूबाईंना पाठवलं होतं. त्यांनी उलट टपाली विचारलं होतं, हे कशाच्या भाजीचं?

वाटेत कॉफीला थांबलो. सोबत बटर टार्ट (लोणी, साखर आणि मनुकांचं सारण भरलेली वाटीएवढी करंजीसारखी वस्तू) घेतलं. ते माझ्या कोटावर सांडलं आणि इतिहासाला भेटायला मी पाकाचा डाग मिरवत गेले. वॉटर्लू मागे पडलं, मग मेनोनाइट पंथाच्या लोकांच्या काळ्या घोडागाड्या दिसायला लागल्या. ही माणसं मोटारी वापरत नाहीत. सिंधूने एका घोड्यामागून अर्धा मैल निमूट गाडी चालवली. घाई फक्त मला होती.

थिएटरच्या मार्कीवरचे (दाराबाहेर पुढे काढलेली दिव्यांची पाटी) निम्मे बल्ब गेलेले. प्लॅस्टरच्या बाईचा हात तुटला होता. दारालगत कॉन्डोची जाहिरात, त्यात पांढऱ्या दातांचं एक तरुण जोडपं. तिकीट काढून आत गेलो.

फोटो सुरेख होते, खोटं कशाला बोलू. हे थिएटर एका अमेरिकन कंपनीने बांधलं, आणि याच घडणीची तिची थिएटरं बफेलोला, डेट्रॉइटला होती. मूकपटांच्या काळातले ते महाल. छतावर रंगवलेलं चांदण्यांचं आकाश, पडद्यासमोर ऑर्गन वाजवणारा माणूस, पितळी बटणांचे गणवेश घातलेली जागा दाखवणारी पोरं. मग टीव्ही आला, आणि एकेक महाल गाड्या लावायची जागा झाला. एका फोटोत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या थिएटरचं बाजूचं दार होतं. काळ्या लोकांनी त्या दाराने शिरून वेगळ्या जिन्याने थेट वर बाल्कनीत जायचं. त्या फोटोखाली मात्र लांबलचक मजकूर, अमेरिकेत कसा अन्याय होत असे वगैरे. शेजाऱ्याच्या घरातला केर यांना लांबून स्वच्छ दिसतो.

सिंधू पुढे निघून गेली होती. ती जिथे थांबली तिथे एकच फोटो दोनदा लावला होता. मूळचा लहान, काळापांढरा. शेजारी तोच मोठा करून, काच लावून. 'दुरुस्तीपूर्वी' आणि 'दुरुस्तीनंतर'. खाली लिहिलं होतं: ओरखडे, बुरशी आणि खिडकीवरचा डाग संगणकावर काढून टाकले आहेत. थिएटरचा नोकर, नाव अज्ञात. या काळात थिएटर बहुधा बंदच असे.

मी डाग बघायला वाकले. लहान फोटोत, खिडकीच्या काचेवर, वसंतरावांच्या कपाळाच्या बाजूला तो होता.

तो 'श्री' होता. दर रविवारी पहिलं तिकीट फाडण्याआधी सिंधू ओल्या कुंकवाने काचेवर श्री काढायची, लांब शेपटीचा. खेळ संपला की पुसायची. मोठ्या फोटोत काच लख्ख होती.

टेबलामागे एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती, माझ्याच वयाची. छातीवर पट्टी, मार्गारेट. मी तिला हाताला धरूनच आणलं म्हणा ना.

"हा नोकर नाही. हा इंजिनियर होता आणि दर रविवारी हे थिएटर चालवायचा. नाव वसंत. ही त्याची बायको."

"किती छान," मार्गारेट म्हणाली. "पण आम्हाला काहीतरी पुरावा लागतो. फोटोच्या मागे नाव नाहीये."

"पुरावा तुम्ही पुसलात."

"तो डाग होता."

"बंद थिएटरच्या खिडकीत हा माणूस काय हवा खात बसला होता?"

"मॅडम, मजकूर कमिटीने ठरवलाय. तुम्ही ईमेल करा."

"इमारत पाडल्यावर करू?"

लोक बघायला लागले. मी चढ्या आवाजात बोलत होते, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती. आठ-नऊ वर्षं दर रविवारी आम्ही या खुर्च्या भरल्या. इथे पोरं रडली, सोयरिकी जमल्या, माझ्या धाकट्याने पहिलं पाऊल त्या गालिच्यावर टाकलं. आणि म्हणे बंद असे. समजावून काही होईना, तेव्हा मी पर्समधून लिपस्टिक काढली आणि मोठ्या फोटोच्या काचेवर, जिथे पुसला होता तिथे, श्री काढला.

मार्गारेट कागदी रुमाल घेऊन धावत आली.

"आता हा बघा आणि तो बघा," मी म्हणाले.

तिने चष्मा बदलला. लहान फोटोपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. माझा श्री सिंधूसारखा नव्हता, शेपूट आखूड होती, पण कुणालाही कळलं असतं.

"हा मीच साफ केला," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन संध्याकाळी लागल्या. मला वाटलं, घाण आहे."

माझ्याकडे तयार उत्तर होतं, चांगलं झोंबणारं. तेवढ्यात तिने खिशातून पेन काढलं, 'नाव अज्ञात' वर रेघ मारली आणि सिंधूला अक्षरं विचारली. सिंधूने एकेक सांगितलं. वसंत लिहून झालं, मग आडनाव. 'नोकर' सुद्धा खोडलं. 'बहुधा बंदच असे' याला मात्र तिने हात लावला नाही. ते कमिटीचं, म्हणाली. मी म्हटलं, मग ईमेल येईल, आणि रोज येईल. लिपस्टिक पुसायला आणलेला कागदी रुमाल अजून तिच्या हातात होता. तो तिने तसाच टेबलावर ठेवला.

परतीच्या वाटेवर मी वॉटर्लू येईपर्यंत बोलत होते. कमिटीला काय काय लिहायचं, पहिली ओळ कशी असावी, मॅडम म्हणणाऱ्यांचा मला कसा संताप येतो. गप्प बसून या देशात आमचं काय काय पुसलं गेलं, हे तरुणपणी मला कळलं नाही. तेव्हा मी फार सभ्य होते, सगळ्यांना थँक यू म्हणत फिरायचे. मग मला भीती वाटली की सिंधूचा दिवस मी नासवला. ती भांडू नको म्हणाली होती. मी गप्प झाले आणि विचारलं, "रागावलीस?"

सिंधू समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "नाही गं. तू तिच्याशी भांडून राहिली होती नं, सगळे तुझ्याकडेच पाहत होते. तेवढा वेळ मी ह्यांच्यापाशी एकटी उभी होती."